ओळखीने लागलेली नोकरी: गिरणगावातली तिसरी पिढी आणि गावकीचं जाळं

परळची_पोर
आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे. भाच्याचं (भावाच्या मुलाचं) आयटीआय झालं, फिटर ट्रेड, आणि निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नातेवाईक एकच वाक्य बोलतोय, "ग्रामस्थ मंडळातल्या अमक्याला सांग, तो चिकटवून देईल." अमका म्हणजे आमच्या गावचा माणूस, एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर. मुलगा फिटर आणि नोकरी वॉचमनची. मी विरोध केला तर भाऊ चिडला, म्हणाला आजोबांपासून आपण सगळे असेच लागलो, आता तुला लाज वाटते का.

लाज अजिबात वाटत नाही, उलट त्या जाळ्याबद्दल मला खूप आदर आहे. आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले तेव्हा मुंबईत त्यांना बोटीवरून उतरवून घ्यायला गावचाच माणूस होता, राहायला गावचा गाळा होता, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पहिल्या पाळीचे उठले की रातपाळीचे तिथेच अंग टाकायचे, ट्रंक भिंतीला आणि वळकटी खुंटीला. जेवण गावच्याच बाईच्या खानावळीत. आणि गिरणीतला जॉबर (मजूर भरती करणारा मुकादम) शेजारच्या वाडीतला. त्याने सांगितलं म्हणून आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी काम) आणि मग काही वर्षांनी परमनंट. मुंबईत पहिली गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून शंभर वर्षं रत्नागिरीचा, मग सातारा-कोल्हापूरचा माणूस असाच भरती होत गेला. मालकाला माणूस शोधायला जाहिरात द्यावी लागत नव्हती आणि माणसाला काम शोधायला वाचता यावं लागत नव्हतं.

माझा प्रश्न पुढच्या पिढ्यांचा आहे. वडिलांची गिरणीतली नोकरी १९८२ च्या संपात गेली. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांची ती नोकरी परत आलीच नाही. तेव्हा वडिलांना परत त्याच जाळ्याने वॉचमन लावलं. भावाला त्याच जाळ्याने ऑफिसबॉय लावलं. आता भाच्याची पाळी. तीन पिढ्यांत गिरणी गेली, चाळ जाऊन टॉवर आला, पण जाळं जिथे पोचतं त्या नोकऱ्या मात्र हळूहळू खालीच सरकत गेल्या. हे फक्त आमच्याकडे की तुमच्याकडेही? आणि यातून बाहेर पडलात तर कसे पडलात? कृपया सविस्तर लिहा, घाई नाही.

घाटमाथा
धागा वाचून अंगावर काटा आला ताई. आमचं पण असंच, फक्त कोकणाऐवजी पाटण तालुका आणि गिरणीऐवजी मशीद बंदर. सविस्तर लिहितो रात्री.

जुना_खडक
वाचतोय. एक सांगावंसं वाटतं, जॉबरला लोक आता फार देवमाणूस करून टाकतात. माझे वडील ज्या खात्यात होते तिथे परमनंट व्हायला दस्तुरी (जॉबरला चिरीमिरी) द्यावी लागायची, शिवाय सणाला कोंबडी, गावाहून येताना आंबे-काजू जॉबरच्या घरी. गावचा असला म्हणून सोडायचा नाही, उलट गावचा म्हणून हक्काने मागायचा. कर्जही तोच द्यायचा किंवा ज्या वाण्याकडे उधारी तो त्याच्या ओळखीचा. म्हणजे नोकरी, खोली, उधारी तिन्ही एकाच माणसाच्या हातात. त्याच्याशी बिनसलं तर तिन्ही जातात. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डाची पद्धत आणली ती जॉबरचा हा हात जरा कमी करावा म्हणूनच, की रोज सकाळी गेटवर जॉबर बोट दाखवेल तोच आत असं नको. पण कार्ड मिळायला पण ओळखच लागायची ही गोष्ट वेगळी.

तरी एक त्याच्या बाजूने. संप झाला की जॉबरला पण कामगारांबरोबर जावं लागायचं, कारण त्याची सगळी ताकद माणसं जमवता येण्यात होती. माणसं फिरली की मालकाला तो काय कामाचा. म्हणजे दोर दोन्हीकडून बांधलेला होता.

रिंगखाते
परळची_पोर, धागा चांगला आहे पण चित्र अर्धं आहे, राग मानू नका.

गावचा गाळा, गावची खानावळ, गावचा जॉबर. कोणाच्या गावचा? आमचे पण पणजोबा त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, कदाचित तुमच्या शेजारच्याच गावचे. पण गावच्या गाळ्यात आम्हाला जागा नव्हती, आमचा, महारवाड्याचा, गाळा वेगळा. आणि गिरणीत आम्ही रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. साचाखात्यात (कापड विणायचं खातं) पगार जास्त, पण तिथे आम्हाला घ्यायचे नाहीत, कारण मागावरच्या धोट्यातली सुताची बॉबिन संपली की नवीन बॉबिनचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. एवढ्या कारणासाठी पिढ्यान्पिढ्या जास्त पगाराचं खातं बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला, की कामगारांच्या मागण्यांत ही पण मागणी असली पाहिजे, नाहीतर आमच्या माणसांनी संपात कशासाठी उपाशी राहायचं. ते स्वतः परळच्या चाळीत राहत होते, हे सगळं डोळ्यासमोर होतं.

सांगायचा मुद्दा, जाळं ज्याला आत घेतं त्याला ते प्रेम वाटतं. ज्याला बाहेर ठेवतं त्याला ती भिंत असते. आणि भिंत कोणी मुद्दाम बांधायची पण गरज नाही, प्रत्येक जण फक्त आपल्या माणसाला लावतोय, कोणाचं वाईट चिंतत नाही, तरी शंभर वर्षांनी बघितलं तर एक खातं अख्खं एका जातीचं आणि दुसरं दुसऱ्या जातीचं.

परळची_पोर
रिंगखाते, राग कसला. हे यायलाच हवं होतं आणि मी लिहायला हवं होतं. तुमच्याकडे पुढच्या पिढीचं काय झालं ते पण लिहाल का?

रिंगखाते
लिहितो. आमच्या घरात दोन फांद्या झाल्या. एका काकांनी दहावी झाल्यावर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, कित्येक वर्षं कार्ड रिन्यू करत राहिले, शेवटी रेल्वे वर्कशॉपचा कॉल आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आणि मोठ्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवाव्या लागायच्या, त्यामुळे ज्याची कुठे ओळख नाही त्याला निदान कागदावर रांगेत उभं राहता यायचं. शिवाय राखीव जागा. आमच्या वस्तीत जे वर गेले ते जवळपास सगळे या दारातून गेले, रेल्वे, पोस्ट, बँक, गोदी. ओळखीने नाही, कागदाने. म्हणून मला कोणी "परीक्षा-बिरीक्षा काय, ओळख महत्त्वाची" म्हटलं की त्रास होतो. ओळख ज्यांच्याकडे होती त्यांना परीक्षेची गरज नव्हती, आम्हाला होती.

दुसरी फांदी सफाईची. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. चांगल्या हेतूने केलंय, घर रस्त्यावर येऊ नये म्हणून, आणि खरोखर हजारो घरं त्यावर तगली. पण बघा काय होतं, वडील रिटायर झाले की स्टाफ क्वार्टरची खोली सोडावी लागते, मुंबईत दुसरी खोली कुठून आणणार, मग मुलगा बीकॉम असला तरी झाडू हातात घेतो, खोली वाचते. माझा आतेभाऊ असाच लागला. हुशार मुलगा. तिथेही जाळं आहे, कायद्याने बांधलेलं, आणि ते त्याच कामाला बांधून ठेवतं जे सोडायला आपल्या लोकांनी एवढा लढा दिला. मी वारसाहक्काच्या विरोधात नाहीये, तो काढला तर ती जागा कंत्राटदाराच्या घशात जाईल हे मला पक्कं ठाऊक आहे. पण खोलीचा प्रश्न नोकरीपासून वेगळा काढला तर पोरांना निवड तरी राहील.

दादरचा_मास्तर
परळची_पोर, तुमच्या प्रश्नावर अगदी आपल्याच भागात झालेला अभ्यास आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांमधल्या मुलांच्या घरांची पाहणी करून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. साधारण वीस वर्षांच्या प्रवेशांची माहिती घेतली, कोणी मराठी माध्यम घेतलं, कोणी इंग्रजी. १९९० नंतर बाजार खुला झाला, ऑफिसातल्या नोकऱ्या वाढल्या, इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा पगार भराभर वर गेला. अशा वेळी सगळ्यांनीच इंग्रजीकडे वळायला पाहिजे होतं ना? पण ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्पिढ्या गिरणी, गोदी, कारखाना अशा कामांत एकमेकांना लावून देत होते त्या घरातले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. आणि त्याच घरातल्या मुली इंग्रजीकडे वळल्या. कारण लावून देणाऱ्या जाळ्यात मुलींना जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना सोडण्यासारखं काही नव्हतं.

मी तीस वर्षं याच भागात शिकवलं. निबंध वाचायच्या आधीही हे वर्गात दिसायचं, फक्त मी त्याला "मुली जास्त मेहनती असतात" एवढंच म्हणत होतो. (आणि मराठी माध्यमाला दोष द्यायचा नाहीये मला, कृपया चर्चा तिकडे नेऊ नका, माझी हयात त्यात गेली.) मुद्दा असा की घरातल्या मोठ्यांना मुलग्याचं पुढे काय करायचं याचं एक तयार उत्तर माहीत होतं, आणि तयार उत्तर असलं की दुसरं शोधलं जात नाही.

परळची_पोर
मास्तर, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून होते. हे आमचंच घर आहे हो. भाऊ मोठा, तो मराठी शाळेत, कारण "दहावी झाली की लावूच कुठेतरी". मी सात वर्षांनी लहान, मला इंग्रजी शाळेत घातलं, आईचा हट्ट, ती म्हणायची हिला कोण लावणार आहे, हिचं हिलाच बघावं लागेल. आज मी एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये आहे आणि भाऊ अजून ऑफिसबॉय, आणि हुशारीत तो माझ्यापेक्षा कमी कधीच नव्हता, गणित त्यानेच शिकवलं मला. तो चिडतो तेव्हा मला वाटायचं त्याला माझा हेवा वाटतो. आता वाटतंय की त्याला जे "आधार" म्हणून मिळालं त्याची किंमत त्याने चुकवली आणि ती कोणी कधी मोजलीच नाही.

खानावळवाली_नात
मुलींना जाळ्यात जागा नव्हती हे खरं, पण बायकांना जाळ्यात काम मात्र होतं, ते पण लिहायला हवं. १९२०-३० च्या काळात गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, वाइंडिंग-रीलिंगला (सूत गुंडाळायच्या कामाला), त्यांच्यावर नायकीण असायची जी पुरुषांच्या जॉबरसारखंच भरती करायची. मग रातपाळीची बंदी, १९२९ चा बाळंतपणाचा कायदा, नवीन यंत्रं, यातून मालकांनी बायका कमी करत करत जवळपास संपवल्या. बायका गिरणीतून गेल्या त्या खानावळीत आल्या, आपल्याच गावच्या पुरुषांना जेवण घालायला. माझी आजी दोन वेळचे पंधरा-वीस डबे करायची. महिन्याच्या शेवटी पैसे, तोपर्यंत किराणा उधार आणि व्याज जबर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा कुठे सावकार सुटला.

पुरुषांच्या सगळ्या "गावच्या जाळ्याला" रोज दोन वेळा जेवायला कोण घालत होतं? आणि संपात सगळ्यांची उधारी कोणी सोसली? आजीच्या वहीत कित्येकांची नावं तशीच राहिली, माणसं गावी निघून गेली.

परळची_पोर
🙏 यावर वेगळा धागाच काढा, प्लीज.

घाटमाथा
आता बसलोय लिहायला. माथाडीचं वेगळं आहे म्हणून सांगतो. मशीद बंदरला, भाजीपाल्याच्या बाजारात, गोदीबाहेर पाठीवर माल वाहणारे बहुतेक सातारा जिल्ह्यातले, पाटण-जावळी आणि आजूबाजूचे, काही पुणे-अहमदनगरकडचे. काम टोळीत, टोळीचा मुकादम, टोळीत कोण येणार ते टोळी ठरवणार. म्हणजे जाळं तुमच्यासारखंच. पण अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तिथे फरक पडला. कामगाराची नोंदणी बोर्डात, व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही (सोयींसाठीची जादा रक्कम) बोर्डात भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक रोज बदलतो पण कामगाराची नोंद एकच राहते. म्हणजे ओळखीने आत आलास तरी आत आल्यावर तू मुकादमाच्या मर्जीवर नाहीस. हा फरक मोठा आहे. जुना_खडक यांनी जॉबरचं लिहिलं, नोकरी-खोली-उधारी एका हातात, ते इथे कायद्याने तोडलं.

आता दुसरी बाजू. बाजार वाशीला गेला, आम्ही कोपरखैरण्यात आलो, माझे वडील टोळीत, मोठा भाऊ टोळीत, वडिलांच्या जागी. मी नाही गेलो. का नाही गेलो तर पाठ. वडिलांची पाठ बघितली होती. तेव्हा घरात भांडण झालं, टोळीतली जागा म्हणजे शेतासारखी मालमत्ता, ती दुसऱ्याला जाऊ द्यायची म्हणजे वेडेपणा. मी ट्रान्सपोर्ट कंपनीत क्लार्क लागलो, पगार भावापेक्षा कमी होता बरीच वर्षं. आजही कमीच असेल, मोजत नाही. पण माझा मुलगा टोळीचं नाव काढत नाही आणि भावाचा मुलगा पण आता काढत नाही, हमालीला नवीन येणारी पोरं उत्तर भारतातली आहेत आणि नोंदीत नसलेली. त्यांना कायदा लागू आहे का तर आहे, कोण लावतो?

माणदेशी
आमच्या दुष्काळी पट्ट्यातलं एक सांगतो, मुंबईबाहेरचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, या भागातली घरटी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईत, भारतभर. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच काढायचा (शुद्धता तपासायची). केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथे सराफ बाजार तिथे विट्याकडचा माणूस. पाऊस नाही, शेती पिकत नाही, मग एक जण गेला, त्याने भाचा नेला, भाच्याने मेव्हणा नेला.

यात गिरणीपेक्षा वेगळं काय, तर इथे शिकलेला पोरगा पुढे मालक होऊ शकतो. सुरुवातीला दुकानात झाडलोट, मग भट्टी, तेजाब (ॲसिड), मग टंच, आणि काही वर्षांनी मालकच म्हणतो त्या अमुक गावात दुकान नाही, तू टाक, माल मी देतो. हे का होतं? कारण सोनं. कोट्यवधीचं दुसऱ्याचं सोनं हातात असतं, परक्या मुलखात, भाषा येत नाही, तर विश्वास कोणावर ठेवणार? ज्याचं घर, शेत, आईबाप गावाकडे आपल्याला माहीत आहेत त्याच्यावर. पळून जाऊन जाणार कुठे. म्हणजे ज्या धंद्यात विश्वास हेच भांडवल तिथे गावकी कामाला येते आणि वर पण नेते. पण वॉचमनच्या नोकरीत वर जायला जागाच नाही, मग जाळं कितीही मोठं असलं तरी काय करणार. दोष जाळ्याला देऊ नका, ते कुठे जोडलंय ते बघा.

तोटे पण आहेत. आठवीतून शाळा सुटलेली पोरं, धुरात-तेजाबात काम, छाती खराब होते. आणि जातीचा प्रश्न रिंगखाते म्हणाले तसाच आहे, गावातल्या सगळ्यांना नेलं असं नाही.

दापोली_ते_दोहा
मी कतारमधून. आमच्या बाणकोट-हर्णै-दाभोळ पट्ट्यातली मुस्लिम घरं आधी बोटीवर खलाशी, मग १९७३ नंतर तेलाचा पैसा आला तसं आखातात. व्हिसा पाठवणं म्हणजे काय ते इथल्यांना कदाचित माहीत नसेल. मामू-चाचू कोणीतरी आधी गेलेला, त्याचा कफील (व्हिसा देणारा तिथला मालक) चांगला, तो सांगतो माझा भाचा आहे, व्हिसा निघतो. एजंटला लाखभर द्यायचे वाचतात. ज्याच्या घरात कोणी नाही तो "आझाद व्हिसा" विकत घेतो, म्हणजे कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात रस्त्यावर काम शोधायचं, सापडला की डिपोर्ट. तर ओळख असणं आणि नसणं यातला फरक इकडे सरळ पैशात मोजता येतो.

पण एकदा आत आलात की अडकलात. आधी इथे नोकरी बदलायला मालकाचं एनओसी लागायचं, ते २०२० मध्ये कायद्याने काढलं. कायदा बदलला तरी आमची पोरं हलत नाहीत, कारण मामूने मालकाला शब्द दिलाय. "मामूचं नाक कापलं जाईल." मी स्वतः दुप्पट पगाराची ऑफर चार वर्षं अशीच सोडली.

मुलांचं तर अजून वेगळं. इथे जन्मली, इथे शाळा झाली, पण नागरिकत्व नाही. वडिलांच्या व्हिसावर, मोठी झाली की स्वतःचा व्हिसा हवा नाहीतर परत. ना इथे ओळखी त्यांच्या कामाच्या, ना रत्नागिरीत. माझी मुलगी पुण्यात शिकतेय, तिला दोन्हीकडे "तुझं गाव कुठलं" विचारतात.

परळची_पोर
"शब्द दिलाय" हे किती बरोबर सांगितलंत दादा. वडिलांना वॉचमनच्या नोकरीत बारा-बारा तास उभं केलं, ओव्हरटाइम बुडवला, युनिफॉर्मचे पैसे कापले. राज्यात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, बोर्ड आहे, शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की बोर्डाकडे जा. वडील गेले नाहीत. कारण गावच्या ज्या माणसाने लावलं त्याला मालकाने विचारलं असतं, तुझीच माणसं तक्रार करतात. मालकाला स्वस्तात हमी मिळते, माणूस पळणार नाही, चोरी करणार नाही, तक्रार पण करणार नाही, आणि त्या हमीची किंमत आपण भरतो.

जर्सीहून
जरा वेगळा कोन. मी आयटीत, न्यू जर्सीत. इथे पण नोकरी ओळखीनेच लागते, फक्त नाव रेफरल, कंपनी वर बोनस देते. आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या बॅचचे किती जण एकाच कंपनीत आहेत ते मोजलं तर तुमच्या रिंगखात्यासारखंच दिसेल. मग आम्ही "मेरिट" म्हणतो आणि तुम्ही "वशिला" म्हणता, हे मला आता पटत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नवीन नोकरीची बातमी घट्ट नात्यातून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण घट्ट नात्यातल्या सगळ्यांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगातून पण साधारण तेच निघालं, अगदी अनोळखी नाही आणि अगदी जवळचा नाही अशा मधल्या ओळखी सगळ्यात उपयोगी. भाच्यासाठी गावचा सुपरवायझर हे घट्ट नातं आहे, तो त्याच्याच कंपनीत लावणार. लांबची ओळख कोण आहे ते शोधा.

रिंगखाते
जर्सीहून, पहिला परिच्छेद मनापासून पटला, असं लिहिणारे कमी. दुसऱ्यावर थोडं. लांबची ओळख "शोधा" म्हणणं सोपं आहे, पण लांबची ओळख होते कुठे? कॉलेजात, क्लबात, सोसायटीत, लग्नात. ती ठिकाणंच वेगळी असतील तर ओळख होणार कशी. आणि ओळख झाली तरी आडनाव असतं. २००७ मध्ये थोरात आणि ॲटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवून बघितले, दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. तिथे ना घट्ट नातं ना लांबचं, नुसता कागद होता.

मडगांवचो
हांव गोंयचो, पण मराठीत लिहितो. आमच्याकडे मुंबईत कुडी होत्या (गोव्याच्या गावांच्या राहायच्या खोल्या), धोबीतलाव-माझगावकडे, गावागावाच्या. बोटीवर जाणारे तारवटी तिथे उतरायचे, भाडं नाममात्र, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणायचं, गावच्या फेस्ताची वर्गणी. बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागायचं, आणि कुठल्या कंपनीत भरती चालू आहे ही बातमी कुडीतच फिरायची. अगदी तुमच्या गाळ्यासारखं. काही कुडी अजून उभ्या आहेत पण पोरं आता येत नाहीत, ब्रेक्झिट होईपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर थेट इंग्लंडला गेली, आणि तिकडे स्विंडनला जाऊन बघा, परत एकाच वेअरहाऊसमध्ये एकाच गावची माणसं. आमच्या मावशीचा मुलगा शिक्षक होता, तिकडे पॅकिंग करतो. भाषा येते, पदवी आहे, पण पहिली ओळख वेअरहाऊसमधली होती.

जुना_खडक
कामाचं बोलतो. परळची_पोर, भाच्याला आयटीआय फिटर आहे ना? मग १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, मोठ्या आस्थापनांना ठराविक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून अर्ज करता येतो, रेल्वे वर्कशॉप, गोदी, रिफायनरी यांच्या जाहिराती निघतात. स्टायपेंड फार नाही. पण वर्षभर कारखान्यात राहिला की त्याच्या ओळखी फिटरांशी होतील, वॉचमनशी नाही. मी स्वतः असाच लागलो आणि आयुष्यभर ज्या ओळखींवर जगलो त्या अप्रेंटिसच्या बॅचच्या. गावच्या नाहीत. आणि एक, त्याला वॉचमनकीला "चार महिने तात्पुरतं" म्हणून पण पाठवू नका, चार महिन्यांत हात बसलेला जातो आणि बारा तासांच्या ड्युटीनंतर कोणी अर्ज भरत नाही.

घाटमाथा
जुना_खडक +१. फक्त एक, स्टायपेंडवर मुंबईत घर चालत नाही, ते वर्ष कोण काढणार हा खरा प्रश्न. आमच्याकडे माझं ते वर्ष भावाने काढलं, टोळीतल्या पैशातून. म्हणजे मी जाळ्यातून बाहेर पडलो ते पण जाळ्याच्याच जिवावर.

परळची_पोर
घाटमाथा, हे मी आज भावाला वाचून दाखवलं. तुमचा प्रतिसाद आणि मास्तरांचा. तो काही बोलला नाही लगेच, मग म्हणाला एक वर्ष मी काढेन, तू फक्त अर्ज बघ. मीही निम्मं देणार आहे.

अजून एक डोक्यात आलंय. आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा गणपतीआधी असते, दरवेळी विषय तेच, देवळाचा सभामंडप, एसटीच्या ग्रुप बुकिंगचा हिशोब, दहावी-बारावीच्या मुलांना वह्या आणि शाल. मंडळाच्या वहीत साडेतीनशे घरं आहेत आणि कोण काय काम करतं हे कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यांना फक्त तो सुपरवायझर माहीत, कारण तो पुढे बसतो. त्या साडेतीनशे घरांत नर्स असतील, लॅब टेक्निशियन, लिफ्ट मेकॅनिक, मेट्रोत काम करणारी पोरं, आणि सुना, ज्यांना सभेला कोणी बोलवतच नाही. ती यादी करायचा ठराव मी मांडणार आहे, आणि त्यात गावातल्या सगळ्या वाड्या, बौद्धवाडी धरून, नाहीतर त्या यादीला अर्थ नाही. मंडळात बौद्धवाडीची घरं आजपर्यंत सभासद नाहीत, त्यांचं मंडळ वेगळं आहे, त्यामुळे विरोध होणार हे माहीत आहे.

रिंगखाते, तुमच्याकडच्या कोणी हे दोन मंडळं मिळून केलंय का? केलं असेल तर सुरुवात कशी केली, आधी कोणाशी बोलायचं, ते सांगा. आणि कोणी रेल्वे वर्कशॉपमध्ये किंवा लिफ्टच्या कंपनीत मेंटेनन्सला असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भाच्याला भेटायला पाठवते, नोकरी मागायला नाही, काम कसं असतं ते विचारायला.

रिंगखाते
आमच्या तालुक्यात एका गावात झालंय, रक्तदान शिबिरापासून सुरुवात केली होती, दोन्ही मंडळांच्या तरुण पोरांनी, मोठ्यांना नंतर सांगितलं. व्यनि करतो. काकांचा वर्कशॉपमधला एक सहकारी अजून सर्व्हिसमध्ये आहे, त्यांना विचारून नंबर देतो.